जिप्सीची थ्रॉटल बॉडी बदलण्याआधी

अगं पोरी, मोठी थ्रॉटल बॉडी घालायची म्हणतेस, घाल की. काका काही आडवा येणार नाही. फक्त दुकानदाराला पैसे देण्याआधी एवढं वाच, आणि वाचताना नाक मुरडू नकोस.

१. आहे ती थ्रॉटल पुरती उघडते का ते आधी बघ. इंजिन बंदच ठेव, धाकट्याला आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला लाव आणि तू बॉनेटखाली हवेचा पाइप काढून थ्रॉटलच्या चकतीवर नजर ठेव — केबल सैल असली किंवा पेडलखाली जाड मॅट असली, तर चकती तिरकीच राहते आणि पाना फिरवून होणारं काम हजारोंच्या खर्चावर जातं.

२. एअर फिल्टर नवा टाक, फिल्टरकडून येणारा पाइप कुठे दबलाय का ते चाचप — पहिला गुन्हेगार बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

३. मग माप घे. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरव आणि मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा आकडा स्कॅनरवर बघून लिहून ठेव. तो तुझ्या गावच्या हवेचा दाब, पुण्यात साधारण ९५ किलोपास्कल, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. आता डायनोवर पूर्ण थ्रॉटल देऊन ६००० आरपीएमला तोच आकडा बघ — एक-दोनाचाच फरक असेल तर थ्रॉटल बॉडी कुणाला अडवत नाहीये. फरक मोठा दिसला तरी लगेच तिची मान धरू नकोस, फिल्टर काढून एकदा पुन्हा बघ. स्कॅनर लागत नसेल तर साधा व्हॅक्यूम गेजही चालतो. पूर्ण थ्रॉटलला काटा शून्याजवळ आला पाहिजे. आधी माप, मग खर्चाचा ताप!

४. कागदावरही हिशेब करून बघ, इंजिनिअरिंगची फी भरलीय ना आम्ही. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटाला फार तर ३९०० लिटर हवा. भोक ५० मिलिमीटरचं धरलंस तर ती हवा सेकंदाला सुमारे ३३ मीटरनं जाते, आणि एवढ्या वेगाला एक किलोपास्कलही दाब खर्ची पडत नाही — म्हणून मूळ इंजिनावर मोठ्या भोकाचा फायदा डायनोच्या दोन रनमधल्या फरकातच हरवतो.

५. "पिकअप वाढला" असं कुणी म्हणालं की हस आणि स्टॉपवॉच काढ. ५० चं ६० केलं की भोकाचं क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं, त्यामुळे तेवढ्याच पेडलला जास्त हवा जाते आणि गाडी उसळते. पेडल तळाला गेलं की मात्र ताकद होती तेवढीच — पाय फसतो, घड्याळ फसत नाही.

६. कॅम बदललास, हेडचं पोर्टिंग केलंस, आरपीएम वर नेलास, तर गोष्ट वेगळी. हवा १.४ पट झाली की अडथळ्यात जाणारा दाब दुप्पट होतो, तेव्हा मोठी बॉडी खरंच कमावते — पण क्रम हाच ठेव. नाकपुडी रुंद केली म्हणून छाती भरत नाही.

७. तुमच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेच्या गाडीचंच बघ. टर्बो नसेल तर नियमाप्रमाणे थ्रॉटल पुढे, तिच्यामागे २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर आणि मग इंजिन. त्या एवढ्याशा भोकापुढे थ्रॉटल केवढीही लावा — हिशेब २० चाच होणार. स्पर्धेसाठी कोइमतूरला जाऊन हे शिकलीस आणि घरच्या गाडीला विसरलीस होय?

८. बॉडी बदललीसच तर मॅनिफोल्डचं तोंड आणि गॅस्केटही त्याच मापाचं करून घे — ६० ची बॉडी ५० च्या तोंडावर बसवली की मधे पायरी राहते आणि पैसे त्या पायरीवर आपटतात.

९. चकतीचे दोन बारीक स्क्रू स्वतः तपास. मागून ठेचलेले किंवा लॉकटाइट लावलेले हवेत — एक जरी सुटला तरी थेट सिलेंडरमध्ये जातो, आणि पुढचं बिल मग माझ्याकडे आणू नकोस.

१०. इंजिन बंद असताना केबल पूर्ण ओढून सोड, चकती खटकन मिटली पाहिजे. इंजिन तापल्यावर ते बंद करून पुन्हा तेच कर — बोअर करून घेतलेल्या बॉडीत चकती अडकू शकते, आणि उघडी अडकलेली थ्रॉटल घाटात कळू नये.

११. थ्रॉटल सेन्सर नव्यानं जुळवून घे, आयडल बघ, मग ट्यूनिंग — मोठ्या चकतीच्या कडेनं बंद असतानाही जास्त हवा झिरपते आणि सिग्नलला गाडी वर-खाली हंटिंग करत बसते.

१२. जुनी बॉडी विकू नकोस. स्क्रू, गॅस्केटसकट पिशवीत घालून नाव लिहून ठेव — रस्त्यावरच्या गाडीत असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतात, म्हणून मोठी बॉडी फक्त ट्रॅकवर, आणि तिथून परतल्यावर जुनीच परत चढवायची आहे.