बोलिन : न आवळणारा फास

टोक ओढताच सुटते ती सुरगाठ आणि सुटता सुटत नाही ती निरगाठ, हे आपण लहानपणापासून जाणतो. शिडाच्या जहाजावरील खलाशाचे मात्र या दोहोंवर भागत नाही. त्याला भर वाऱ्यात टिकणारी, पण ताण गेल्यावर ओल्या दोरातूनही बोटांनी सोडवता येणारी गाठ लागते. बोलिन ती हीच. चौकोनी शिडाची कड वाऱ्याकडे ताणून धरणाऱ्या दोराचे हे इंग्रजी नाव पुढे गाठीला चिकटले. क्लिफर्ड अ‍ॅश्ले यांच्या १९४४ सालच्या गाठींच्या कोशात तिचा क्रमांक १०१० आहे.

विद्यार्थ्यांनी दोन मीटर सुती दोर घेऊनच पुढचे वाचावे. लांब दोर डाव्या हातात, मोकळे टोक आपल्याकडे. डाव्या हातापाशी लहान कडे असे करावे की टोकाकडील दोर वर राहील. टोक खालून त्या कड्यातून वर काढावे, लांब दोराच्या मागून फिरवावे आणि त्याच कड्यातून पुन्हा खाली सोडावे. टोक व त्यालगतची फासाची बाजू एकत्र धरून लांब दोर ओढावा. ससा बिळातून निघाला, झाडाला वळसा घालून पुन्हा बिळात शिरला, अशी गोष्ट शिकवणारे सांगतात. कडे उलटे पडले तर गाठ बसत नाही.

याचा उपयोग समुद्रापुरता नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईचे रस्तेच नद्या झाले होते. अशा पाण्यात अडकलेल्या माणसाच्या काखेखालून दोर बांधायचा तर सरकफास घातक ठरतो. आपण ओढू तसा तो छाती आवळतो. बोलिनचा फास जेवढा बांधला तेवढाच राहतो.

तिचे दोषही आहेत. ताणाखाली ती सोडवता येत नाही. उलट ढिल्या, हिसके बसणाऱ्या दोरात, विशेषतः गुळगुळीत नायलॉनमध्ये, ती सैल होते. म्हणून टोक दोराच्या जाडीच्या दहा-बारा पट तरी लांब ठेवावे व ते फासाच्या बाजूला आणखी एका गाठीने बांधावे.

सोडवताना लांब दोरामागचा वळसा अंगठ्याने पुढे ढकलावा. आम्हा बँकेतल्या माणसांना पुडक्यांच्या निरगाठी कात्रीने कापायची सवय. येथे कात्री लागत नाही. हात बसला की डोळे मिटून बांधून पाहावी, कारण पुरात दिवे गेलेले असतात.