पादत्राणे आणि पायांचे स्नायू

चालणे ही क्रिया आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिच्यामागे शरीराची केवढी यंत्रणा राबते याचा विचार आपण क्वचितच करतो. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी यवत, वरवंड, पाटस या मार्गाने दौंड तालुक्यातून जाते. देहू ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरांचे अंतर वारकरी पायी कापतात. कोणी अनवाणी असतो, कोणाच्या पायांत कोल्हापुरी वहाणा, कोणाच्या रबरी स्लिपर, तर कोणाच्या बूट. वाट एकच, पण प्रत्येकाच्या पायांतील स्नायूंना पडणारे काम सारखे नसते. ते का, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

चालताना प्रथम टाच टेकते. त्या वेळी नडगीलगतचा पुढचा स्नायू चवडा हळूहळू खाली सोडतो. तो नसता तर पाऊल फटकन आपटले असते. मग शरीराचा भार पावलावरून पुढे सरकतो, त्याला पोटरीचे स्नायू आवर घालतात. शेवटी हेच स्नायू टाचेमागील जाड कंडरेतून जोर लावून पाऊल उचलतात. पाय अधांतरी असताना बोटे ठेचकाळू नयेत म्हणून नडगीचा स्नायू पुन्हा चवडा वर धरतो. एक पाऊल ७० सेंटिमीटरांचे धरले तर १५ किलोमीटरांच्या मजलेत ही उठाठेव २१ हजारांहून अधिक वेळा होते. पाटसपुढचा रोटी घाट चढताना पोटरीवरचा भार आणखी वाढतो. कोणताही उतार उतरताना मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूंची कसोटी लागते.

आता पादत्राणांकडे वळू. उंच टाचेच्या चपलेत घोटा सतत खाली वाकलेला राहतो आणि पोटरी आखडलेल्या स्थितीत काम करते. अशा चपला वर्षानुवर्षे वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतील स्नायुतंतू सुमारे १३ टक्के आखूड व टाचेमागील कंडरा अधिक ताठर झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात आढळले. सपाट चपलेत त्यांना अवघडल्यासारखे का होते, याचा उलगडा यातून होतो.

रबरी स्लिपरला मागे पट्टा नसतो. ती निसटू नये म्हणून बोटे आवळून धरावी लागतात. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठातील अभ्यासकांना स्लिपर घालणाऱ्यांची ढांग बुटांपेक्षा आखूड पडते असे दिसून आले. कोल्हापुरी वहाणेलाही मागे पट्टा नसतो. परंतु तिचा चामड्याचा अंगठा व रुंद पट्टा पावलाला धरून ठेवतात आणि वापराने चामडे पायाच्या घडणीचे होते. नवी वहाण मात्र चावते, म्हणून ती घालून लांबची वाट धरू नये.

मग बूट सर्वांत उत्तम का? मणिपाल येथील राव व जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष मांडला. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के होते. बंद बुटांत ते सर्वाधिक आढळले. तळव्याची कमान पेलणाऱ्या लहान स्नायूंना लहानपणी मोकळे काम मिळणे हितकारक असावे, असे यावरून वाटते.

याचा अर्थ सर्वांनी अनवाणी फिरावे असा नव्हे. काटे, काच आणि उन्हात तापलेले डांबर यांपासून रक्षण हवेच. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावली आहे, त्यांना तर अनवाणी चालणे घातक ठरते. जखम झालेली कळत नाही, ती चिघळते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. श्रद्धेने अनवाणी निघणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

सारांश, पादत्राण बदलले की स्नायूंचे काम बदलते आणि त्यांना सवय व्हायला आठवडे लागतात. एस. टी. च्या फाट्यापासून गावापर्यंत रोज पायपीट करणाऱ्या विद्यार्थ्याने चप्पल घेताना तिचा तळ एका बाजूने झिजतो का, बोटांना जागा आहे का आणि टाच फार उंच नाही ना, एवढे पाहिले तरी पुरे. किंमत आणि झोक यांचा विचार त्यानंतर करावा.