अ‍ॅन वाचताना मरिलाकडे पाहा

पालकहो, घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ हे नाव तुमच्या कानावर आलं असेलच. कुणाच्या मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून ते पुस्तक आणलं असेल, कुणी नेटफ्लिक्सवरची ‘अ‍ॅन विथ अ‍ॅन ई’ ही मालिका पाहिली असेल. लाल केसांची, चेहऱ्यावर वांगाचे ठिपके असलेली, अखंड बडबडणारी एक अनाथ मुलगी. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाच्या छोट्या बेटावर घडणारी तिची गोष्ट १९०८ साली प्रसिद्ध झाली आणि आजही मुलं ती मनापासून वाचतात. अ‍ॅनची कल्पनाशक्ती, तिचा आनंदी स्वभाव, तिची जिद्द यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते खरंच आहे. पण मला तुमच्याशी बोलायचंय ते तिला सांभाळणाऱ्या मरिलाबद्दल. हे पुस्तक मुलांनी वाचावं ते अ‍ॅनसाठी आणि आपण वाचावं ते मरिलासाठी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मॅथ्यू आणि मरिला कथबर्ट हे लग्न न केलेले बहीणभाऊ. मॅथ्यू साठीचा, हृदयाने थकलेला. शेतीच्या कामात हाताशी कुणी हवं म्हणून ते अनाथाश्रमातून दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणवतात. निरोपात घोटाळा होतो आणि स्टेशनवर मॅथ्यूची वाट पाहत बसलेली असते ती एक मुलगी. तोकडा झगा, जुनाट पिशवी आणि आता आपल्याला घर मिळणार म्हणून हरखलेला चेहरा. मॅथ्यूला ‘तू नको होतीस’ हे सांगण्याची हिंमत होत नाही. घोडागाडीतून घरी येईपर्यंत अ‍ॅन त्या घराच्या, त्या झाडांच्या प्रेमात पडलेली असते. आणि दारात मरिला विचारते, मुलगा कुठे आहे?

असं मूल ‘मागवणं’ ही लेखिकेची कल्पना नव्हती. इंग्लंडमधल्या अनाथ आणि गरीब घरच्या मुलांना जहाजात बसवून कॅनडातल्या शेतकऱ्यांकडे पाठवण्याचा प्रघात १८६९ च्या सुमारास पडला आणि पुढच्या काही दशकांत सुमारे एक लाख मुलं अशी गेली. मुलगे शेतावर, मुली घरकामाला. काहींना माया मिळाली, पुष्कळांना फक्त काम मिळालं. मुलांना असं परदेशी धाडल्याबद्दल ब्रिटिश सरकारने २०१० साली जाहीर माफी मागितली. कादंबरीतली मरिला सांगते की लंडनच्या रस्त्यावरचं पोर आपल्याला नको, कॅनडातच जन्मलेलं हवं. म्हणजे ज्या बाईवर आपण पुढे माया करणार आहोत, ती सुरुवातीला तिच्या काळातल्या चारचौघींइतकीच कोरडी आणि पूर्वग्रहांनी भरलेली आहे.

त्या रात्री मरिला विचारते, ही मुलगी आपल्या काय कामाची? बायकांसमोर तोंड न उघडणारा अबोल मॅथ्यू हळूच म्हणतो, आपणच कदाचित तिच्या काही कामाला येऊ. पुस्तकाचं सगळं बळ मला या उत्तरात दिसतं. अ‍ॅन पुढे खूप शिकते, मोठी शिष्यवृत्ती मिळवते, गावाला तिचा अभिमान वाटतो. पण तिला घरात ठेवून घ्यायचं ठरलं तेव्हा तिने यातलं काहीही केलेलं नव्हतं. नंतरही कितीतरी दिवस ती नुसते घोळ घालत असते. सरबत समजून मैत्रिणीला दारू पाजते, केकमध्ये व्हॅनिलाऐवजी दुखण्यावर चोळायचं औषध ओतते, केस काळे करायला जाऊन हिरवे करून घेते. तरी ती त्या घराचीच राहते.

आपल्या मुलांना कुणी परत पाठवणार नसतं, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यांना ते तितकंसं ठाऊक असतं का? ‘तुला बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलंय’ ही आपल्या घरांमधली किती जुनी थट्टा! सगळे हसतात, मूलही हसतं, आणि रात्री आपलं नाक आईसारखं आहे का हे आरशात पाहून येतं. ‘ऐकलं नाहीस तर बोर्डिंगात टाकीन’ हे तर आपण अगदी सहज बोलून जातो. त्याहून सभ्य भाषेतही तेच बोललं जातं: एवढी फी भरतोय तुझी, एवढे क्लास लावलेत, आणि हे मार्क? ऐकणाऱ्या मुलाला कळतं ते एवढंच, की माझा या घरात काहीतरी उपयोग अपेक्षित आहे आणि तो अजून झालेला नाही. अनाथ नसलेली मुलं पिढ्यान् पिढ्या अ‍ॅनच्या गोष्टीशी एवढी जोडली जातात, याचं कारण माझ्या मते हेच आहे. आपण जसे आहोत तसे कुणाला हवे आहोत का, हा प्रश्न आई-बाप असलेल्या मुलालाही पडतो.

अ‍ॅन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मरिला तिला परत करायला गाडीतून निघते. वाटेत, वेळ जायचा म्हणून, तिची हकीकत विचारते. तीन महिन्यांची असताना आई तापाने गेली, चार दिवसांनी वडील गेले. मग एका घरी मुलं सांभाळायला, मग दुसऱ्या घरी, तिथे जुळ्यांच्या तीन जोड्या, मग अनाथाश्रम. त्या बायका तुझ्याशी चांगल्या वागायच्या का, असं मरिला विचारते तेव्हा बडबडी अ‍ॅन पहिल्यांदा अडखळते आणि म्हणते, चांगलं वागायचं त्यांच्या मनात असणार. मरिला पुढे एक शब्द विचारत नाही. जे बोललं गेलं नाही ते तिला ऐकू आलेलं असतं. या मुलीला घर म्हणजे काय ते कधी मिळालेलंच नाही, हे त्या कोरड्या बाईला गाडी हाकता हाकता कळतं. मग ब्लुएटबाई नावाची एक कजाग बाई अ‍ॅनला कामाला न्यायला तयार होते, तिच्याकडे पाहून अ‍ॅनचा चेहरा पांढराफटक पडतो, आणि मरिला तिला घेऊन माघारी फिरते. मालिकेत अ‍ॅनचे जुने हाल दृश्यांतून दाखवले आहेत. पुस्तक ते दाखवत नाही, आणि मला पुस्तकाचीच रीत जास्त मोलाची वाटते. शाळेतून आलेलं मूल ‘काही नाही झालं’ म्हणतं तेव्हा त्या ‘काही नाही’मध्ये काय आहे हे उलटतपासणी न करता ओळखणं आपल्यालाही करता यायला हवं.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी वाटेने चालताना अ‍ॅन आपला हात मरिलाच्या हातात सरकवते. कधी मूल न झालेल्या त्या बाईच्या मनात काहीतरी उबदार उसळून येतं, ती गांगरते, आणि लगेच अ‍ॅनला चांगल्या वागणुकीचा धडा ऐकवते. किती ओळखीचं आहे हे! आपल्यालाही मुलाबद्दल भरून येतं आणि तोंडातून बाहेर पडतं ‘दप्तर भरलंस का?’ आपले आई-वडील असेच होते. त्यांची माया खरी होती, आणि ती ऐकायला मिळाली नाही याची हुरहुरही खरी आहे. मरिलाचं प्रेम तिच्या ओठांवर येतं ते फार उशिरा, मॅथ्यू गेल्यावर. तेव्हा ती अ‍ॅनला मोकळेपणाने सांगते की ती आली त्या दिवसापासून तिच्यामुळे आपल्याला आनंद मिळाला. आपण एवढं थांबायचं कारण नाही.

पण सगळ्या पुस्तकातलं एकच प्रकरण पालकांच्या हाती द्यायचं तर मी ब्रोचचं प्रकरण देईन. मरिलाकडे तिच्या आईची आठवण म्हणून जांभळ्या खड्यांची एक पिन असते. ती नाहीशी होते. अ‍ॅनने ती हातात घेतली होती, हे तीच सांगते, आणि परत ठेवली असंही सांगते. मरिलाचा विश्वास बसत नाही. कबूल करेपर्यंत खोलीबाहेर यायचं नाही, अशी शिक्षा होते. सहलीचा दिवस येतो. अ‍ॅनने आयुष्यात कधी आइस्क्रीम खाल्लेलं नसतं आणि त्या सहलीत ते मिळणार असतं. सकाळी अ‍ॅन अगदी तपशीलवार कबुलीजबाब देते: पिन लावून खेळायला गेले, पुलावरून वाकले, ती पाण्यात पडली. मरिला संतापते आणि सहल रद्द करते. दुपारी आपली काळी शाल दुरुस्त करायला काढते तर पिन शालीलाच अडकलेली.

अ‍ॅन खोटं का बोलली? कारण खरं तिने आधीच सांगितलं होतं आणि ते कुणाला नको होतं. मोठ्यांना एक ठरावीक उत्तर हवंय हे कळल्यावर तिने तेच तयार करून दिलं. पट्टी घेऊन, दार लावून, फोन काढून घेऊन आपण ज्या कबुल्या मिळवतो, त्यांतल्या किती अशा असतील? मुलाला आपण खरं बोलायला शिकवतोय असं आपल्याला वाटत असतं आणि ते शिकत असतं, सुटका कशाने होते ते. मरिला मात्र त्यानंतर जे करते ते फार थोडे मोठे करतात. ती वर जाते आणि सांगते की तुझ्या शब्दावर शंका घेतली ही माझी चूक. न केलेली गोष्ट कबूल करणं बरोबर नव्हतं, पण तुला त्यात मीच ढकललं. तू मला माफ कर, मी तुला करते. आणि लगेच तिला तयार करून सहलीला पाठवते. मुलाची माफी मागितल्याने या कडक बाईचा धाक कणभरही कमी होत नाही.

लेखिका लूसी मॉड माँटगोमरीला हे सारं कुठून सुचलं असेल? ती पावणेदोन वर्षांची असताना तिची आई क्षयाने गेली. वडील तिला बेटावरच्या कॅव्हेंडिश गावी आजी-आजोबांकडे ठेवून दूर पश्चिमेला निघून गेले. आजी-आजोबा कर्तव्याला चुकले नाहीत, पण कडक होते. पुढे १८९० साली ती मोठ्या आशेने वडिलांकडे राहायला गेली, तर सावत्र आईने तिला घरकामात आणि बाळ सांभाळण्यात अडकवलं. वर्षभरात ती बेटावर परतली. कॅव्हेंडिशचं पोस्ट आजीच्याच घरात होतं, त्यामुळे तिचं लिखाण ‘साभार परत’ आलेलं गावाला कळत नसे. अ‍ॅनची कादंबरीही अशीच एकामागून एक प्रकाशकांकडून परत आली आणि टोपीच्या खोक्यात पडून राहिली. काही काळाने तिने ती पुन्हा वाचली, पुन्हा पाठवली आणि बॉस्टनच्या एका प्रकाशकाने घेतली. आपल्याला जी मरिला आणि जो मॅथ्यू मिळाला नाही, तो तिने अ‍ॅनला दिला असं मला वाटतं.

बेटापासून हजारो मैलांवर, जपानमध्ये, हे पुस्तक घरोघरी पोचलं. मुराओका हानाको या अनुवादिकेला तिच्या एका कॅनेडियन मैत्रिणीने १९३९ मध्ये देश सोडताना आपली प्रत दिली. युद्धाच्या काळात, शत्रूच्या भाषेतलं पुस्तक घरात सापडणं धोक्याचं असताना, टोकियोवर बॉम्ब पडत असताना, तिने भाषांतर चालू ठेवलं. ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं. युद्धाने कितीतरी मुलांची घरं हिरावून घेतली होती. त्या देशाने अ‍ॅनला आपलं म्हटलं. आजही जपानी वाचक ते ‘ग्रीन गेबल्स’ नावाचं हिरव्या छपराचं घर पाहायला मुद्दाम त्या बेटावर जातात.

दत्तक मुलाच्या आई-बाबांना थोडं वेगळं सांगायचंय. हे पुस्तक तुमच्या मुलासाठी मोठा आधार ठरू शकतं, पण पहिली सहा-सात प्रकरणं त्याला एकट्याने वाचू देऊ नका. ‘ही नको, तो हवा होता’ ही भाषा त्यांत उघडपणे आहे आणि परत करायला नेण्याचा प्रवासही आहे. जवळ बसून वाचा, मध्येच थांबा, आणि तेव्हाची रीत वेगळी होती हे सांगा: आज आपल्याकडे पूर्ण चौकशी होऊन, कायद्याने, कायमचं आई-बाप होता येतं. मुलाला प्रश्न पडले तर पडू द्या. त्याची स्वतःची हकीकत विचारायची वाट त्याला या पुस्तकातून सापडली, तर याहून चांगलं काय?

पुस्तकात दोषही आहेत. फ्रेंच भाषक मजुरांबद्दल आणि परक्या फेरीवाल्याबद्दल त्यातली माणसं हिणवून बोलतात. मुलांशी त्याबद्दल स्पष्ट बोलावं. निसर्गाची वर्णनं लांबलचक आहेत आणि पहिलंच वाक्य श्वास लागेल इतकं मोठं आहे. तिथे इंग्रजी माध्यमातली मुलंही कंटाळतात. म्हणून सुरुवात तुम्ही करा. मूळ पुस्तकाचे हक्क संपले आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते फुकट मिळतं. इंग्रजीत डोळ्यांनी वाचा आणि मराठीत सांगा, आपल्या आजीने गोष्ट सांगितली असती तसं. संपल्यावर ‘यातून काय शिकलास?’ हे मात्र विचारू नका. मूल आपणहून बोललं तर ऐका.

आणि टीव्हीवरच्या मालिकेआधी पुस्तक वाचा, एवढी माझी विनंती आहे. एकूण अडतीस प्रकरणं आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत झोपण्यापूर्वी रोज एक वाचलं, तर शाळा सुरू होण्याआधी पुस्तक संपतं.