पुराची पातळी वाचता येते, मग रिपोर्टही वाचता येईल

जुलै लागला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या घराघरांत दोन प्रश्न ठरलेले असतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे आणि राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले? ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण नुसत्या फुटांवर कुणी सामान बांधत नाही. तासाला किती इंच चढतंय, वरून कोयनेतून किती सोडलंय, खाली अलमट्टीतून विसर्ग किती, हे सगळं जुळवून मगच जनावरं हलवायची की थांबायचं ते ठरतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ही समज घरोघरी पक्की केली आहे.

ही समज हाच एका चांगल्या करिअरचा पाया आहे.

बीसीए, बीसीएस किंवा डिप्लोमा झालेल्या मुलांचे आईवडील भेटतात तेव्हा एक खंत हमखास ऐकू येते. ‘पुण्यात आयटीत लागलाय, पण दिवसभर लोकांच्या तक्रारी घेतो. यासाठी शिकवलं का?’ या कामाला सर्व्हिस डेस्क म्हणतात. ते समजायला सरकारी कचेरी आठवा. दाखल्यासाठी अर्ज केला की पावती मिळते, तो किती दिवसांत मिळायला हवा हे ठरलेलं असतं आणि मुदत टळली तर अपील करता येतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ही सोय केली. कंपनीतही तसंच चालतं. लॅपटॉप बंद पडला की तिकीट निघतं, त्याला क्रमांक आणि प्राधान्य मिळतं, आणि ते सोडवण्याची मुदत म्हणजे ‘एसएलए’. सर्व्हिसनाऊ, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट, आपल्याच देशात घडलेली फ्रेशसर्व्हिस आणि सर्व्हिसडेस्क प्लस ही सगळी सॉफ्टवेअर याच कामासाठी आहेत.

तिकिटं बंद करणारे पुष्कळ असतात. त्या तिकिटांमधून काय दिसतं ते सांगणारे थोडे, आणि पुढे जातात ते हे थोडे.

एक उदाहरण घ्या. महिन्यात १०० तिकिटं आली. ९० एकेका तासात सुटली, १० मात्र प्रत्येकी १०० तास रखडली. रिपोर्टमध्ये सरासरी येते १०.९ तास. पण अकरा तास तर कुणीच थांबलं नाही! सरासरी पाहून साहेब समाधानी होतील आणि ती दहा माणसं चार-चार दिवस ताटकळलेली कुणाला दिसणारच नाहीत. चांगला मुलगा किंवा मुलगी तेवढ्यावर थांबत नाही. ती दहा तिकिटं वेगळी काढते, विभागानुसार गट पाडते आणि दाखवते की सगळी एकाच प्रिंटर सर्व्हरची आहेत. मग तो सर्व्हरच दुरुस्त होतो आणि पुढच्या महिन्यात ती तिकिटं येतच नाहीत. वरच्या धरणातून काय सोडलंय ते पाहणं म्हणजे हेच.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. तिकीट ‘ग्राहकाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ टाकलं की बहुतेक ठिकाणी मुदतीचं घड्याळ थांबतं. म्हणून ९७ टक्के मुदतीत सुटली असं लिहिलेलं असलं तरी थांबवून ठेवलेली किती आणि बंद करून पुन्हा उघडलेली किती, हे विचारावंच. असा प्रश्न विचारणाऱ्या नवख्याकडे वरिष्ठांचं लक्ष जातं, हे मी पाहिलं आहे.

सराव घरी बसून होतो. सर्व्हिसनाऊ विद्यार्थ्यांनाही सरावासाठी विनामूल्य प्रत देतं. त्यात नमुन्याची तिकिटं भरलेली असतात. रिपोर्टसाठी कुठला तक्ता, कुठली अट, कशानुसार गट, आलेख कुठला, दर सोमवारी कुणाला पाठवायचा, हे स्वतःच्या हाताने करून बघा. एक्सेलचं पिव्होट टेबल तर आजच शिका. आयटी सेवा व्यवस्थापनाच्या ‘आयटिल फाउंडेशन’ या परीक्षेत ६० मिनिटांत ४० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला २६ बरोबर. पण फी मोठी आहे, त्यामुळे नोकरी लागेपर्यंत घाई नको. अनेक कंपन्या नंतर स्वतःच खर्च करतात. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला कर्ज काढून पैसे भरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

पालकांनो, सुरुवातीला रात्रपाळी असेल, कारण ग्राहक बहुधा परदेशातले असतात. पगारही पहिल्या वर्षी बेताचाच असतो. पण तिथून रिपोर्टिंग, प्रॉब्लेम मॅनेजमेंट (पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणींचं मूळ शोधणं), सॉफ्टवेअरची जुळणी अशा वाटा फुटतात. तेव्हा मुलगा सुट्टीला घरी आला की ‘किती तिकिटं बंद केलीस?’ असं विचारू नका. ‘कुठली तिकिटं पुन्हा पुन्हा येतात, आणि का?’ असं विचारा.