काल्पनिक प्रदेशाचा नकाशा : खुणांची योजना

(इयत्ता चौथीसाठी भूगोल व चित्रकला यांचा संयुक्त पाठ)

छापील नकाशात रंग भरल्याने मुलांचा हात वळतो. परंतु नकाशा ही एक भाषा आहे, हे त्यांस उमगतेच असे नाही. ती भाषा स्वतः घडवून पाहिली म्हणजे तिचे मर्म कळते. याकरिता काल्पनिक गावाचा नकाशा हे उत्तम साधन होय.

पूर्वतयारी. कल्पनेकडे वळण्यापूर्वी परिचित स्थळ घ्यावे. छत्रपती संभाजीनगरातील शहागंज हा त्याचा चांगला नमुना आहे. तेथे भर बाजारात घड्याळाचा मनोरा आहे आणि इ. स. १७२० च्या सुमारास बांधलेली मशीद आहे. मनोरा वरून पाहिल्यास केवळ एक चौकोन दिसतो. समोरून काढला तर तो मूलही तत्काळ ओळखते. मग नकाशात तो कसा काढावा? हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. मराठेशाहीतील जुन्या नकाशांत डोंगर व झाडे समोरून पाहिल्याप्रमाणे उभी काढलेली आढळतात. आधुनिक नकाशात डोंगराची उंची समोच्च रेषांनी दाखवितात. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत. मात्र एका नकाशात जी शैली धरली ती शेवटपर्यंत पाळावी.

खुणांचे नियम. एका खुणेचा एकच अर्थ असावा. खूण तीन-चार रेघांत काढता यावी. कारण ती पुन्हा पुन्हा काढावयाची असते. दोन खुणा एकमेकींसारख्या दिसू नयेत. रंगालाही अर्थ असावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत बारमाही पाणी निळे, झाडी हिरवी, लागवडीची जमीन पिवळी व समोच्च रेषा तपकिरी असतात. कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेने दाखवितात. हा शेवटचा भेद मराठवाड्यातील मुलांना विशेष समजावून द्यावा. उन्हाळ्यात आटणारी विहीर व बारमाही विहीर यांस एकच खूण दिली, तर नकाशावर विसंबून निघालेला वाटसरू तहानेला राहील.

पाठ. वर्गाचे चार गट करावेत. प्रत्येक गटाने एक काल्पनिक गाव योजावे. गाव कल्पनेतले असले तरी पाण्याचा धर्म खरा असावा : नदी उंचावरून सखलाकडे जाते, ओढे तिला येऊन मिळतात आणि वस्ती पाण्याच्या आश्रयाने वाढते. मलिक अंबराने १६१० मध्ये वसविलेल्या खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहरीने पाणी आणावे लागले, हे उदाहरण येथे सांगावे. जमिनीखालून जाणारी अशी नहर कोणत्या खुणेने दाखवावी, हे मुलांनीच ठरवावे. कोणी तुटक रेघ सुचवील, कोणी ठिपके सुचवील. खूण ठरताच ती कोपऱ्यातील सूचीत लिहावी.

परीक्षा. नकाशे पुरे झाल्यावर गटांनी त्यांची अदलाबदल करावी. काढणाऱ्यांनी मौन पाळावे. दुसऱ्या गटाने केवळ सूचीच्या आधारे वेशीपासून बारमाही विहिरीपर्यंतची वाट सांगावी. जेथे वाचणारा अडतो तेथे दोष खुणेचा समजावा, वाचणाऱ्याचा नव्हे.

विशेष सूचना. नकाशांत देऊळ, शाळा, चावडी बहुधा येतात. गावाबाहेरची वस्ती, ऊसतोड कामगारांच्या खोपी व पाणवठ्याची पायवाट पुष्कळदा राहून जातात. अशा वेळी रागे भरू नये. "या गावात शेतावर राबणारे लोक कोठे राहतात?" एवढेच विचारावे. मुले आपणच खोडरबर उचलतील व जागा करतील. जे नकाशात नाही ते पुढे योजनेतही राहून जाते, ही जाणीव या वयात झाली तर पाठाचे सार्थक झाले, असे समजावे.

चित्र सुबक नसले तरी गुण कापू नयेत. खूण वाचता आली, की काम झाले.