नंबर प्लेट : रस्त्यावरचा वाचनपाठ

मुलांना वाचायला लावायचं असेल तर गाडीची नंबर प्लेट हे फुकटचं साहित्य आहे. 'एमएच २३' म्हणजे बीड, 'एमएच ४४' म्हणजे अंबाजोगाई. ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधीच्या नंबरात जिल्ह्याचा आकडाच नसे.

रंगही वाचायला शिकवा. पूर्वी खाजगी गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पांढरी असायची, आता पांढऱ्यावर काळी असतात. टॅक्सीला पिवळ्यावर काळी, इलेक्ट्रिक गाडीला हिरवी प्लेट. म्हणून हौसेनं नव्या कोऱ्या गाडीला जुन्या वळणाची काळी प्लेट लावली, की ती चुकीचं सांगते. खरंच जुन्या, म्हणजे ५० वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. तिच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, शुल्क २०,००० रुपये.

आणि ते '४१४१' वाकवून लिहिलेलं 'दादा', '२१४' चं 'राम'? मुलं ते झटक्यात वाचतात. हसू द्या त्यांना. मग विचारा, हीच गाडी एखाद्याला धडक देऊन पळाली, तर पोलिसांना नंबर काय सांगाल? वर्ग एकदम गप्प होतो बघा!

सुट्टीच्या दिवशी पालकांनी मुलासोबत रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी थांबावं. दहा गाड्यांचे नंबर वहीत लिहून घ्यावेत. उसाच्या ट्रॉल्याही सोडू नका. जो नंबर वाचता आला नाही तिथं फुली मारायची, आणि का वाचता आला नाही ते पुढं लिहायचं.