गॅरेजवाल्याची अकरा कलमं

प्रश्न : आमची २०१३ ची ह्युंदाई आय-टेन (१.१ लिटर, पेट्रोल) १,१८,००० किलोमीटर चालली आहे. एरवी शाळा आणि बाजार, पण वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाट उतरून गुहागरकडे गावी जातो. गाडीने आजवर वाटेत कधी दगा दिलेला नाही. यंदा सर्व्हिसिंगला दिली तर गॅरेजवाल्याने अकरा कामांची यादीच हातात ठेवली : टायमिंग बेल्ट, कूलंट, ब्रेक ऑइल, क्लच, चारही शॉकअप, इंजिन फ्लश वगैरे. सगळं करायचं तर गाडीच्या आजच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जाईल. यातलं खरंच गरजेचं काय? की विकून टाकावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : यादी बघून घाबरून तरी विकू नका. तुमच्या गॅरेजवाल्याने एक कलम सोडलं तर लबाडी केलेली नाही. त्याची चूक एवढीच, की वाणसामानाच्या यादीसारखी सगळी कामं त्याने एकाखाली एक लिहिली. हिंग आणि तांदूळ एकाच ओळीत. तुम्ही पेन घ्या आणि प्रत्येक कामापुढे एक प्रश्न लिहा : हे ऐन वेळी बिघडलं, तर आपल्या जिवावर बेतेल, इंजिन जाईल, की नुसती रिक्षा करावी लागेल? यादी आपोआप तीन ढिगांत पडेल.

पहिल्या ढिगात सर्वांत वर ब्रेक ऑइल. तुमच्या यादीतलं हे बहुधा सर्वांत स्वस्त काम असेल आणि म्हणूनच ते मागे पडतं. त्याला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते हवेतला ओलावा शोषणारं द्रव आहे आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ओलाव्याला काय तोटा! डॉट-४ प्रतीचं नवं द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. आता घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवलेली गाडी डोळ्यांपुढे आणा. पॅड आणि डिस्क तापतात, ती धग कॅलिपरमधल्या द्रवापर्यंत पोचते आणि त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. द्रव दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल मऊ पडून थेट तळाला टेकतं. थोडा वेळ थांबलात, की सगळं निवतं आणि ब्रेक पुन्हा लागायला लागतात. मग लोक म्हणतात, ‘काही नाही, मघाशी झालं असेल काहीतरी.’ ते ‘काहीतरी’ हेच. मीटरवर कितीही किलोमीटर असोत, दर दोन वर्षांनी हे द्रव बदलायचं. आणि जुने चालक सांगतात ते पाळायचं : ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा.

याच ढिगात टायर. त्यांचं नाव यादीत नाही, कारण नक्षी अजून शाबूत असणार. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, हे सगळ्यांना माहीत असतं; पण वय कोणी विचारत नाही. टायरच्या कडेला डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ असं असेल, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कडांना बारीक भेगा पडतात. स्टेपनीही उलटी करून बघा. बऱ्याच घरांत ती गाडीसोबत आलेलीच असते.

दुसरा ढीग इंजिनाचा. इथे मालक बेसावध राहतो, कारण गाडी छान चाललेली असते. तुमच्या १.१ लिटर इंजिनात टायमिंगचा रबरी पट्टा आहे. त्याच आय-टेनच्या १.२ लिटर कप्पा इंजिनात साखळी आहे. त्यामुळे शेजारचे ‘आम्ही तर कधीच बदलला नाही’ म्हणत असतील, तर ते खरं बोलताहेत, फक्त त्यांचं इंजिन वेगळं आहे. साखळी सैल झाली की बहुधा खडखडून सांगते. पट्टा बऱ्याचदा काहीच न सांगता तुटतो, आणि पट्ट्याच्या बऱ्याच इंजिनांत मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. पुस्तिकेत त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हींत दिलेली असते. जी आधी येईल ती धरायची. शेवटचा कधी बदलला याचं बिल सापडत नसेल, तर बदललेलाच नाही असं समजा. टेन्शनर आणि सील तेव्हाच करून घ्या. वॉटर पंप त्याच खोलाखोलीत हाताशी येत असेल, तर तोही. सुट्या भागांपेक्षा तिथवर पोचण्याचीच मजुरी जास्त असते, ती दोनदा कशाला द्यायची?

कूलंटचा माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. माझ्या जुन्या गाडीत एक अख्खा उन्हाळा मी बोअरचं पाणी ओतत होतो. ‘पाणीच तर आहे!’ पुढे रेडिएटर काढला, तेव्हा आत चहाच्या जुन्या किटलीसारखा क्षारांचा थर होता. कूलंट नुसतं थंड ठेवत नाही. ते गंज रोखतं, उत्कलनबिंदू वाढवतं, आणि त्यातली गंजरोधक रसायनं काळानुसार संपतात. ते बदला, आणि गाडी थंड असताना रबरी होज दाबून पाहा. कडक, चिरलेले किंवा लिबलिबीत असतील तर तेही. टेम्परेचरचा काटा वर गेला, तर ‘पुढच्या वळणावर हॉटेल आहे’ म्हणू नका, तिथेच थांबा. झाकण गरम असताना उघडू नका.

तिसऱ्या ढिगावर फार शाई घालवत नाही. क्लच चौथ्या गिअरमध्ये चढावर तपासा : इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तरच प्लेट बदला. शॉकअपवर तेल ओघळलेलं नसेल, तर आधी लोअर आर्मचे बूश आणि लिंक रॉड पाहायला सांगा. खडखडाट बहुधा त्यांचाच असतो. इंजिन फ्लश मात्र खोडा. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटला, तर तो ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकू शकतो. त्याऐवजी पुढची दोन ऑइलं जरा लवकर बदला.

यादीत नसलेलं एक कलम मी वाढवतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं; तुमची गाडी बनली तेव्हा ते नव्हतं. इंधनाच्या रबरी नळ्या प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहायला सांगा, आणि बॉनेटपाशी पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

वेळापत्रक असं बसवा : ब्रेक ऑइल आणि टायर पुढच्या घाटाआधी, पट्टा आणि कूलंट एकाच खेपेला या दोन महिन्यांत, बाकीचं लक्षण दिसेल तेव्हा. २०२८ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, आरटीओची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवावी लागेल. विकायची की ठेवायची, हा प्रश्न तेव्हा पत्रा किती गंजलाय ते बघून सोडवा. तोवर एक शंभर पानी वही करा : तारीख, किलोमीटर, काय बदललं, बिल.

प्रश्न : माझी गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. ऑइल दहा हजारांना बदलायचं, म्हणजे तीन वर्षं थांबलं तर चालेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, वर्षातून एकदा बदला. स्टेशनपर्यंतच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून पाहा. आतल्या बाजूला सायीसारखा फिका थर असेल, तर पुसून घ्या आणि तासाभराची एक फेरी मारून आणा. त्यानंतरही तो परत धरला आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.